हिलालच्या पेटीचा कौल

हिलाल लाऊडस्पीकरवाल्याच्या पेटीत सत्तावन्न तबकड्या होत्या आणि एकीवरही कागद नव्हता. गाणं कोणतं, गाणारं कोण, हे सांगणारा मधला गोल कागद अडुसष्टच्या पुरात भिजून सुटला आणि तापीबरोबर समुद्राला गेला. उरल्या त्या नुसत्या काळ्या थाळ्या, सगळ्या एका तोंडवळ्याच्या. दुसरा कोणी असता तर त्याने त्या भंगारवाल्याला देऊन हात झटकले असते. हिलालने त्या एकेक करून धुतल्या, सावलीत वाळवल्या, आणि पुढची सहा वर्षं त्या तबकड्यांनी सुरतेतल्या खानदेशी माणसांना कौल दिले. म्हणजे लोकांची समजूत तशी होती. कौल पेटी देत नव्हती, हिलाल देत होता, आणि ते जगात एकट्या हिलालला ठाऊक होतं.

माणूस तसा वाईट नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे तुम्हाला तसं वाटेल.

अमळनेरजवळच्या एका खेड्यातून एकोणसाठ साली तो ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतेला आला आणि कापडाच्या लूमवर लागला. लूमच्या खडखडाटात बारा तास काढल्यावर माणसाला खरं तर शांतता हवीशी वाटावी. याला गाण्याचं वेड. एका पारशाच्या घरून निघालेला जुना ग्रामोफोन त्याने मिळवला, त्याला आवाज वाढवणारं मशीन जोडलं, निळा कर्णा आणला आणि कर्ण्यावर पांढऱ्या अक्षरांत स्वतःचं नाव रंगवून घेतलं. लग्नसराईत सुट्टी टाकून हातगाडीवर हा सगळा संसार लादायचा आणि मांडवामांडवातून हिंडायचं. बायको गावी सासूसासऱ्यांपाशी होती. वर्षातून एकदा भेटणाऱ्या बायकोपेक्षा पेटीशी त्याचा घरोबा जास्त, असं वस्तीतल्या बायका म्हणत, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

वस्ती तेव्हा सुरतेच्या वेड दरवाज्याबाहेर, थेट नदीकाठाला होती. शेजारच्या झोपडीत पंडित राहायचा. गाव एक, लूमही शेजारचा. उंच, हसरा, कोणाच्याही मदतीला आधी उडी घेणारा. हिलालची हातगाडी चिखलात रुतली की ढकलायला पंडित, कर्णा बांधायला झाडावर चढायला पंडित. त्याची बायको शोभाबाई लग्न होऊन दोनच वर्षांपूर्वी सुरतेला आली होती. मूलबाळ अजून नव्हतं.

त्या श्रावणात तापी चढू लागली तेव्हा बायकापोरांना आदल्या संध्याकाळीच उंचावरच्या एका शाळेत नेऊन बसवलं. पुरुष सामान राखायला मागे राहिले. सकाळी पाणी आलं ते हळूहळू नाहीच, एकदम कमरेला. हिलाल आणि पंडित पत्र्यावर चढले आणि मग हिलालच्या लक्षात आलं की पेटी आतच राहिली.

"पंडित, मनी पेटी!" एवढंच तो म्हणाला.

पंडितने त्याला एक सणसणीत शिवी दिली, हसला, आणि उतरला. छातीभर पाण्यातून पेटी डोक्यावर धरून आला आणि वर ढकलली. हिलालने उजव्या हाताने पेटीची कडी धरली आणि डाव्या हाताने पंडितचं मनगट. तेवढ्यात पत्रा सरकला. दोन्ही भार पेलणं शक्य नव्हतं, एक हात सुटणार होता, आणि सुटला तो डावा. पंडित पट्टीचा पोहणारा होता, पण त्या दिवशी पाण्यापुढे त्याचं काही चाललं नाही. त्याचं डोकं दोनदा वर आलेलं दिसलं. तिसऱ्यांदा दिसलं नाही. हात आपण ठरवून सोडला नाही, हे हिलालने पुढे स्वतःला हजारदा सांगितलं. मग पेटी का सोडली नाही, याचं उत्तर मात्र त्याला एकदाही सापडलं नाही.

तिसऱ्या दिवशी चिखल तुडवत तो शाळेशी पोचला. खांद्यावर पेटी होती. दारात शोभाबाई उभी होती. तिने आधी त्याच्या मागे नवरा दिसतो का ते पाहिलं, मग त्याच्याकडे.

"आनि त्या कोठे शेतस, भाऊ?"

तिच्या हातातला हिरवा चुडा हिलालला दिसला आणि तो बोलून गेला, "एक छप्परले धरीसन रांदेरकडे गया तो, वहिनी. मी डोयानी दखं. येई."

रांदेर म्हणजे नदीचा पलीकडचा काठ. बोलताना त्याला वाटलं होतं की दोन दिवसांत प्रेत कुठेतरी लागेल आणि आपलं खोटं आपोआप विरून जाईल. प्रेत लागलं नाही. त्याचं ते एक वाक्य मात्र पंचांपर्यंत गेलं. वस्तीतला म्हातारा नागनाथ हाच पंच, त्याचा शब्द अखेरचा. तो म्हणाला, हिलालने स्वतःच्या डोळ्यांनी जिता पाहिलाय, तर मेला कसा म्हणायचा? बाईने कुंकू ठेवावं. बारा वर्षं वाट पाहावी, नाहीतर तो गेल्याची काहीतरी खूण मिळावी, मगच दुसरा विचार. शोभाबाई तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांची होती. हिलाल त्या बैठकीत मान खाली घालून बसला होता. उठून चार शब्द बोलला असता तर ही गोष्ट तिथेच संपली असती. तो उठला नाही.

पुरानंतर वस्ती नदीकाठ सोडून बमरोलीला आली. तिथे एका चाळीत हिलालला खोली मिळाली, दोन खोल्या सोडून शोभाबाईला. ती एका कारखान्यात कांड्यांवर सूत भरायला जाऊ लागली.

कौलाचं खूळ निघालं ते असं. तबकड्या वाळल्यावर वाजतात की नाही ते पाहायला हिलालने हाताला लागेल ती एक काढली आणि चिखलातून काढून दुरुस्त केलेल्या ग्रामोफोनवर लावली. सनईने सुरू होणारं, नवरा घरी आल्याचं आनंदाचं गाणं निघालं. नळावर मंगलाबाई उभी होती. तिचा मुलगा पुरापासून बेपत्ता होता आणि ती त्याच्याच काळजीत होती. त्याच संध्याकाळी पोरगा नवसारीहून धडधाकट परत आला. झालं! मंगलाबाईने पेटीला हळदकुंकू लावलं, वर सुपारी ठेवली आणि चाळभर सांगत सुटली की तापीमाईने पेटीचं तोंड धुऊन तिला वाचा दिली. पंधरा दिवसांत रीतच पडून गेली. सुपारी झाकणावर ठेवायची, प्रश्न सांगायचा, हिलालने डोळे मिटून एक तबकडी काढायची. आनंदाचं गाणं लागलं तर हो, रडकं लागलं तर नाही, भजन लागलं तर थांबा. पुढे घरोघर ट्रान्झिस्टर आले, तरी लोक येतच राहिले. रेडिओवरचं गाणं सगळ्या गावाचं असतं, पेटीतलं आपलं एकट्याचं, असं मंगलाबाई म्हणे.

पण ज्या थाळ्या माणसाने नऊ-दहा वर्षं रोज फडक्याने पुसल्या, त्या त्याच्या बोटांना कळणार नाहीत होय? कोणाच्या कडेला टवका होता, कोणाच्या भोकाजवळ खरखर, एक किंचित वाकलेली, एक बाकीच्यांपेक्षा जड. डोळे मिटले तरी हिलालची बोटं उघडीच असायची. आणि समोर बसलेल्या माणसाचा चेहरा त्याने डोळे मिटण्यापूर्वीच पाहिलेला असायचा. पोराला लूमवर लावू का विचारणाऱ्याला तो हो देई, दारुड्या जावयाकडे मुलीला पाठवू का विचारणारीला नाही. लोकांचं भलंच होत होतं. बदल्यात त्याने सुपारीपलीकडे कधी काही घेतलं नाही. आपण फसवतोय असं त्याला वाटत नव्हतं. फक्त एका माणसाच्या वेळी वाटायचं.

शोभाबाई वर्षातून एकदाच यायची, आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी, कारखान्यातून सुटून. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात तिच्याएवढा मोठा सण नाही. माहेरवाशिणी झोके घेतात, आणि घरोघर गेलेल्या माणसांच्या नावाने कोरी घागर पाण्याने भरून पुजतात. ज्याची घागर भरली जात नाही तो वर तहानलेला राहतो, असं म्हणतात. नवरा मेला असेल तर शोभाबाईने घागर भरायला हवी होती. जिता असेल तर भरणं म्हणजे जित्या माणसाचं तोंडावर मरण चिंतणं. म्हणून ती कुंभाराकडून कोरी घागर घेऊन, ती कडेवर ठेवूनच पेटीपुढे येऊन बसायची.

"त्या शेतस का नही, एवढंच इचारा पेटीले," एकोणसत्तरच्या आखाजीला ती म्हणाली होती.

हिलालने तिच्या कपाळाकडे पाहिलं. कुंकू ठसठशीत होतं. त्याने डोळे मिटले आणि त्याची बोटं सरळ त्या तबकडीवर गेली, कडेला नखाएवढा टवका असलेली, सनईची. गाणं चाळभर घुमलं. शोभाबाईने मान खाली घातली, पदराने तोंड झाकलं, "बरं" म्हणाली आणि कोरी घागर घेऊन घरी गेली. हिलालला वाटलं, आनंदाने रडली बिचारी. त्या रात्री पुरानंतर पहिल्यांदा त्याला धड झोप लागली.

सत्तरला तेच झालं. एकाहत्तरला तेच. दरवर्षी आखाजी जवळ आली की हिलालचं अन्न तुटायचं. यंदा खरं सांगू, यंदा रडकी तबकडी काढू, म्हणजे तिला कळेल आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही, असं तो आठवडाभर घोकायचा. रडकी तबकडीही त्याच्या बोटांना पाठ होती, ती सारंगीची, थोडी वाकलेली. पण शोभाबाई कडेवर घागर घेऊन दारात आली की त्याचं अवसान गळायचं आणि सनई लागायची. एवढ्या आशेने आलेल्या बाईची आशा आपण कशी मोडायची, असं तो मनाशी म्हणे. खरं तर त्याला भीती होती ती तिच्या एका प्रश्नाची. पेटीने मेला म्हटलं तर ती विचारणार होती, मग तुम्ही जिता पाहिला तो कोण?

चाळीत राघो नावाचा एक बिजवर होता. पांडेसऱ्याच्या कारखान्यात लूमचा ताणा, म्हणजे उभं सूत, भरायचा, कमी बोलायचा. शोभाबाईच्या छपराची कौलं त्यानेच चाळून दिली, ती तापाने पडली तेव्हा तिला दवाखान्यात त्यानेच नेलं. तिच्याशी पाट लावायची त्याची इच्छा आहे हे सगळ्या चाळीला दिसत होतं. पाट, म्हणजे बाईचं दुसरं लग्न, लावण्यात त्यांच्यात कमीपणा नव्हता. पण शोभाबाई काही बोलत नाही, नवऱ्याची वाट पाहते, म्हणून बायका तिची तोंडभर तारीफ करत. हिलालला ते ऐकून बरं वाटे. आपल्या गाण्याने ती तग धरून आहे, पंडितचं घर आपण पंडितसाठी राखतोय, इथपर्यंत त्याची मजल गेली होती. राघो समोरून आला तर तो वाट बदलून जाई. स्वतःच्या पापावर माणूस किती साजरी पांघरुणं घालतो! मला त्याची कीव येते आणि रागही येतो.

चौऱ्याहत्तरच्या फाल्गुनात राघोने एक दुसरी बाई पाहून पाट लावला आणि बारडोलीच्या साखर कारखान्यात काम धरून तो तिकडेच निघून गेला. जाताना शोभाबाईच्या दाराशी क्षणभर थांबला. दार लावलेलं होतं.

त्याच चैत्रात एका लग्नाला जाताना हिलालच्या हातगाडीचं चाक गटारात गेलं आणि पेटी आडवी झाली. छप्पन्न तबकड्या शाबूत राहिल्या. फुटली ती एकच, टवका असलेली, सनईची. हिलाल रस्त्यातच खाली बसला आणि तुकडे गोळा करू लागला, जणू ते जोडता येणार होते. आनंदाची दुसरी गाणी पेटीत होती, नाही असं नाही. पण आखाजी जवळ येऊ लागली तशी त्याची बोटं दुसऱ्या कशावर ठरेनात. पाच वर्षं एकच खोटं एकाच तोंडाने बोललं होतं, आता तेच खोटं दुसऱ्या तोंडाने बोलायचा त्याला धीर होईना.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी शोभाबाई आली. कडेवर कोरी घागर होती. सहावी. ऊन रणरणत होतं, चाळीत सामसूम होती. या वर्षी ती पेटीपासून जरा लांब बसली आणि सुपारी ठेवायला विसरली. हिलालने आठवण दिली तेव्हा तिने कनवटीची सुपारी काढून दिली, प्रश्नही विचारला नाही.

हिलालने खांद्यावरचा पंचा काढला आणि उजव्या हाताला मनगटापासून बोटांपर्यंत घट्ट गुंडाळला. बोटांना काही कळू नये म्हणून. पेटीला वाचा फुटली म्हणतात त्याला सहा वर्षं होत आली होती, आणि आज पहिल्यांदा तो तिला खरोखर विचारत होता. त्याने डोळे मिटले, हात आत घातला, जी लागली ती ओढली आणि न चाचपता लावली. सुई टेकली.

सारंगी सुरू झाली. रिकाम्या घराशी बोलणाऱ्या बाईचं गाणं होतं ते. हिलालने डोळे उघडले नाहीत. आता ती किंचाळेल, ऊर बडवेल, असं त्याला वाटलं.

ती हसली. हिलालने दचकून पाहिलं. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"आज लागनं व्हय," ती म्हणाली. "आज! सहा आखाज्या मी याच गानानी वाट दखी, भाऊ."

"याच गानानी?"

"नही त काय? त्या गयात हाई माले शाळामाच समजनं व्हतं. तुम्ही त्या दिन मनाकडे दखंच नही, तव्हयच. पन तुम्ही डोयानी दखं म्हनेत, पंचासनी मानं. मंग मी म्हनू, पेटी तरी खरं बोली. एक डाव रडकं लागू दे, मी नागनाथदादाकडे जासू, त्यासनी घागर भरसू, आनि राघोना घर जासू. दर साल तुमनासमोर बठू आनि मनमा म्हनू, रडकं लाग, रडकं लाग. आनि दर साल ती सनई!" तिने पदराने नाक पुसलं. "तो थांबना. चार साल थांबना. मानूस किती थांबी?"

तबकडी संपून सुई खरखरत राहिली. कोणी उचलली नाही.

म्हणजे पदरामागे ती रडायची ते आनंदाने नव्हतं. एका बाईचा नवरा हिलालने पाण्यात सोडला होता, तो एका क्षणाचा गुन्हा. आणि तिचं उरलेलं आयुष्य त्याने सावकाश, दर वर्षी डोळे मिटून, दयाळू चेहऱ्याने बुडवलं होतं. त्याने हाताचा पंचा सोडला आणि सांगायला सुरुवात केली. तबकड्या बोटांना कळतात ते सांगितलं. पत्रा, पेटी, मनगट, दोनदा वर आलेलं डोकं, सगळं सांगितलं. छप्पर नव्हतं, रांदेर नव्हतं, हेही सांगितलं. सांगून झाल्यावर बरं वाटतं म्हणतात. त्याला काही बरं वाटलं नाही.

शोभाबाई ऐकत होती. तिने शिवी दिली नाही, हंबरडा फोडला नाही. एवढंच म्हणाली, "पेटी कोनता हातमा व्हती?"

हिलालने उजवा हात पुढे केला. तिने त्या हाताकडे पाहिलं. मग उठून आपल्या खोलीत गेली आणि एकेक करून पाच कोऱ्या घागरी घेऊन आली. एकोणसत्तरपासूनच्या. पहिल्या दोन घागरींवर धुळीचा थर होता. त्या तिने नळाशी ओळीने मांडल्या आणि यंदाची सहावी शेवटी ठेवली. तिथेच उभ्या उभ्या तिने पदराने कपाळ पुसलं.

"भरा," ती म्हणाली. "त्याच हातवरी. आनि नाव ल्या त्यासनं. माले लेता येत नही."

नवऱ्याचं नाव तिने उभ्या जन्मात तोंडाने घेतलं नव्हतं, आणि घागर तर नाव घेतल्याशिवाय पोचत नाही. हिलाल नळाशी बसला. उजव्या हाताने पहिली घागर धरली. पाणी भरेपर्यंत तो वाट पाहत राहिला, आणि मग म्हणाला, "पंडित." सहा वर्षांत हे नाव त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. दुसरी भरली. "पंडित." खोल्यांची दारं उघडली, मंगलाबाई बाहेर आली, म्हातारा नागनाथ काठी टेकत आला. सहा घागरी, सहा वेळा नाव. कोरी माती पाणी शोषून घेत होती आणि घागरी बाहेरून काळपट ओल्या होत चालल्या होत्या.

सहावी भरली तशी हिलालने ती ओळीत शेवटी ठेवली. शोभाबाई घागरींकडे पाहत होती.

"पाच सालनी तहान," ती हळूच म्हणाली, "एक दिनमा भागस का, भाऊ?"

आजवर तिने जे विचारलं ते पेटीला विचारलं होतं. हे पहिल्यांदा त्याला विचारलं. मातीने पाणी शोषून पहिली घागर उणी झाली होती, हिलालने ती पुन्हा नळाखाली धरली.